बर्बनची चव का जाणवली नाही, आणि मूनशाइन म्हणजे हातभट्टी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आतेभावाने अमेरिकेहून येताना बर्बनची, म्हणजे मक्याच्या अमेरिकी व्हिस्कीची, एक बाटली आणि काचेच्या बरणीतले मूनशाइन, म्हणजे पिंपात न मुरवलेले कच्चे मद्य, आणले. एप्रिलमधल्या एका रात्री तुम्ही चौघे सोलापुरातल्या घराच्या गच्चीवर बसलात, बर्बन नेहमीप्रमाणे सोडा आणि बर्फ घालून, शेंगा चटणी आणि तिखट चखण्याबरोबर घेतलीत, आणि ती तुम्हाला नेहमीच्या व्हिस्कीपेक्षा फारशी निराळी वाटली नाही. वाटली ती एवढीच की थोडी गोडसर आणि लाकडासारखी आहे. बरणीचे झाकण उघडताच मात्र सगळ्यांच्या तोंडून ‘ही तर हातभट्टी’ असे निघाले. त्यावरून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: महागड्या दारूत खरोखर काही असते की सगळे नावाचे पैसे, मूनशाइन आणि हातभट्टी एकच का, आणि एकच असतील, तर एक मित्र आणून देतो म्हणतो ती गावाकडची पहिल्या धारेची चाखून पाहायला काय हरकत आहे. शिवाय उघडलेली बाटली किती दिवस ठेवावी असा एक लहान प्रश्न शेवटी आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लांबवण्यासारखे नाही, म्हणून ते आधी देतो. ती हातभट्टी घेऊ नका, एक घोटही नाही. कारणे पुढे सविस्तर येतील. बाकीच्या दोन प्रश्नांबद्दल जे सांगतो ते कामाच्या अनुभवावरून सांगतो. सोलापूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या आसवनीत मी रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी केली, मळीपासून मद्यार्क काढण्याचे काम वर्षानुवर्षे जवळून पाहिले, आणि पुढे एका मद्यनिर्मिती कंपनीत मिश्रणाचे नमुने हुंगून आणि चाखून पारखण्याचे काम केले. त्यामुळे पेयाकडे पाहण्याची माझी सवय अशी आहे की पेल्यात येणारा प्रत्येक वास कुठून आला असेल, धान्यातून, आंबवण्यातून, भट्टीतून की पिंपाच्या लाकडातून, हे आधी शोधायचे. हीच सवय तुम्हाला लागावी म्हणून हे उत्तर जरा लांब होत आहे.

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो, तो म्हणजे त्या बाटलीत जे होते ते तुमच्यापर्यंत पोहोचले का. माझ्या मते त्या रात्री ते पोहोचण्याची शक्यताच नव्हती. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग नाकाने कळतो. जीभ फक्त गोड, आंबट, खारट, कडू आणि मटणाच्या रश्शात असतो तो रसदारपणा एवढेच ओळखते, आणि व्हॅनिला, मध, सुके खोबरे, धूर, लवंग हे सगळे नाकाचे काम असते. पेला भरून सोडा ओतला की सुगंधी द्रव्ये विरळ होतात, बर्फाने पेय गार झाले की ती द्रव्ये वर उडतच नाहीत, आणि जिभेवर लाल तिखट असेल तर मद्याची जळजळ आणि मिरचीची जळजळ एकमेकींत मिसळून बाकी सर्व झाकून टाकतात. अशा स्थितीत हजाराची बाटली आणि दहा हजारांची बाटली यांत फरक सांगणे मलाही जमणार नाही.

काही गोष्टी माणसागणिक बदलतात, हेही मान्य केले पाहिजे. मावा किंवा तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात चुना आणि सुपारी यांचा तुरटपणा इतका मुरलेला असतो की लाकडाचा सूक्ष्म तुरटपणा त्याला कळणे अवघड जाते. त्याने निदान त्या दिवशी तरी मावा टाळावा. सर्दी असेल तर चाखण्याचा खटाटोप करू नये. यकृताचा त्रास असणाऱ्याने, झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याने, किंवा डॉक्टरांनी मद्य वर्ज्य सांगितले आहे अशाने हा छंद लावून घेऊ नये. मधुमेह किंवा इतर कशाची नियमित औषधे चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आणि महाराष्ट्रात व्हिस्कीसारख्या मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असणे आणि परवाना असणे आवश्यक आहे, हेही लक्षात ठेवावे.

आता त्या बाटलीत काय होते ते पाहू. मद्य बनवताना एक साधा नियम कायम लागू होतो: ऊर्ध्वपातन, म्हणजे आंबवलेला द्रव उकळून त्याची वाफ पुन्हा थंड करणे, जितक्या जास्त तीव्रतेपर्यंत नेले जाते, तितका मूळ मालाचा वास मागे पडतो. आमच्या आसवनीत उंच स्तंभांमधून जो शुद्ध मद्यार्क, म्हणजे ईएनए, काढला जाई तो ९६ टक्क्यांच्या आसपासचा असे, आणि त्याचा हेतूच हा असतो की तो मळीचा आहे की धान्याचा हे नाकाला कळू नये. आपल्याकडे सर्वाधिक खपणाऱ्या व्हिस्क्यांपैकी बहुतेकांचा पाया असा मद्यार्क असतो आणि त्यात थोडी माल्ट व्हिस्की, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की, मिसळलेली असते. यात फसवणूक काही नाही, तो आपल्याकडचा मान्य प्रकार आहे. युरोपात मात्र मळीच्या मद्यार्कापासून केलेल्या पेयाला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. अशी व्हिस्की सोडा आणि बर्फ घालूनच घ्यावी या बेताने जुळवलेली असते, आणि त्या कामासाठी ती उत्तम असते. तुम्ही बर्बनलाही तीच वागणूक दिली, म्हणून ती तिच्यासारखीच लागली.

बर्बनचे नियम अमेरिकेने कायद्याने बांधून दिलेले आहेत. धान्याच्या मिश्रणात किमान ५१ टक्के मका असला पाहिजे. बाकी राय नावाचे धान्य, गहू किंवा मोड आणलेले बार्ली. ऊर्ध्वपातन ८० टक्क्यांच्या वर नेता येत नाही, त्यामुळे मक्याचा गोडवा आणि रायचा मिऱ्यासारखा तिखटपणा शिल्लक राहतो. ते मद्य ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त तीव्रतेने पिंपात भरता येत नाही, आणि पिंप नवे कोरे, आतून जाळलेल्या ओकच्या लाकडाचेच लागते. बाटलीत पाण्याखेरीज काहीही घालता येत नाही, रंगही नाही. ती अमेरिकेत कुठेही बनवता येते, केंटकी राज्यातच बनली पाहिजे असे नाही. १९६४ साली अमेरिकी संसदेने तिला आपल्या देशाचे खास उत्पादन म्हणून मान्यता दिली. लेबलावर ‘स्ट्रेट’ लिहिलेले असेल तर ती किमान २ वर्षे पिंपात होती असे समजावे.

यातला सर्वांत महत्त्वाचा भाग लाकडाचा आहे. पिंपाचा आतला पृष्ठभाग जाळला की कोळशाचा थर तयार होतो आणि त्यामागचे लाकूड शेकले जाते. कोळसा गंधकाचे उग्र वास शोषून घेतो. शेकलेल्या लाकडातील लिग्निन या घटकापासून व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन येते, लाकडातील साखरी पदार्थ करपून कॅरॅमलचा वास येतो, आणि ओकमधील लॅक्टोन नावाच्या द्रव्यांमुळे सुक्या खोबऱ्यासारखा गंध येतो. तुम्हाला बर्बन ‘गोडसर आणि लाकडासारखी’ वाटली असे तुम्ही लिहिले आहे, आणि मला वाटते की तुम्ही स्वतःला देता त्याहून जास्त श्रेय तुमच्या नाकाला द्यायला हवे, कारण सोडा, बर्फ आणि चटणी यांच्या गर्दीतूनही तुम्हाला नेमकी मुख्य गोष्ट कळली होती.

एकदा वापरलेले पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही, म्हणून ती पिंपे मोठ्या प्रमाणावर स्कॉटलंडला जातात. तिथे लाकडाचा पहिला जोर ओसरलेला असतो, हवा थंड असते, त्यामुळे स्कॉच सावकाश मुरते. कायद्याने किमान ३ वर्षे, आणि चांगली सिंगल माल्ट, म्हणजे एकाच आसवनीतली माल्ट व्हिस्की, पुष्कळदा १० किंवा १२ वर्षे. म्हणून बर्बनमध्ये लाकूड पुढे असते, तर स्कॉचमध्ये बार्ली, आंबवणे आणि तांब्याच्या भट्टीचा आकार यांना बोलायला जागा मिळते. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या काही व्हिस्क्यांत जो धुराचा आणि दवाखान्यासारखा वास येतो तो ओले बार्ली वाळवताना जाळलेल्या पीट नावाच्या दलदलीतल्या मातीचा असतो. तो आवडला नाही तर त्यात काही उणेपणा नाही.

आपल्या हवेत हेच काम वेगाने होते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून दरवर्षी साधारण २ टक्के मद्य उडून जाते. बंगळूर किंवा गोव्यात, उन्हाळ्यात उजनीचे पाणी उडावे तसे, ते प्रमाण १० टक्क्यांच्या घरात जाते. म्हणून भारतीय सिंगल माल्टच्या लेबलावर वयाचा आकडा बहुधा नसतो आणि वय कमी असूनही चव भरलेली असते. बंगळूरच्या अमृतने २००४ साली आपली सिंगल माल्ट आधी ग्लासगोत विकायला काढली. पुढे गोव्याची पॉल जॉन आणि हरियाणाची इंद्री आली. बर्बनची गोडी आवडणाऱ्या सोलापूरकराला मी पुढचे पाऊल म्हणून स्कॉचआधी यांतली एखादी सुचवतो, कारण यांतही लाकडाची ऊब आहे आणि खाली शंभर टक्के बार्ली आहे.

आता प्रत्यक्ष घ्यायचे कसे ते सांगतो. पुस्तकांत ‘खोलीच्या तापमानाला घ्या’ असे लिहिलेले असते, पण ती खोली स्कॉटलंडमधली, १८ ते २० अंशांची असते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो आणि बंद कपाटातली बाटलीही तापलेली असते. अशा बाटलीतून ओतलेल्या पेयातून मद्यार्काच्या वाफा इतक्या उसळतात की नाक पहिल्याच श्वासाला बधिर होते. म्हणून उन्हाळ्यात बाटली फ्रिजच्या दारात थोडा वेळ ठेवावी, ती हाताला गार लागू लागली की काढावी, आणि बर्फ घालू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे चाखण्याचा खरा काळ आहे, आणि त्यातही संध्याकाळी, जेवणाआधी.

पेला वर निमुळता होत जाणारा असावा. खास ट्यूलिपच्या आकाराचा पेला मिळाला तर उत्तम, नाही तर लहान वाइन ग्लासही चालतो; सरळ उभ्या कडांच्या रुंद पेल्यातून वास निघून जातो. त्यात फक्त ३० मिलि ओतावे आणि पाच-दहा मिनिटे तसेच ठेवावे. मग पेला आधी छातीशी, मग हनुवटीशी आणि मग नाकाशी आणावा, तोंड किंचित उघडे ठेवून हळू श्वास घ्यावा. नाक पेल्यात खुपसू नये. पहिला घोट अगदी लहान घ्यावा आणि त्याच्याविषयी काही मत बनवू नये, कारण तो जिभेला मद्याची सवय करून देण्यासाठी असतो. दुसरा घोट तोंडात क्षणभर फिरवून गिळावा आणि गिळल्यावर नाकाने श्वास सोडावा. बर्बनचे व्हॅनिला आणि खोबरे नेमके या श्वासाबरोबर येतात.

यानंतर पाणी घालावे, आणि याबद्दल संकोच बाळगू नये. पाणी घातल्याने चांगली व्हिस्की बिघडते हा समज मला पुष्कळदा ऐकू येतो, पण आम्ही कामावर नमुने पारखताना ते २० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत पाणी घालूनच हुंगत असू, कारण मद्यार्काची धग कमी झाल्यावर दोष आणि गुण दोन्ही उघडे पडतात. २०१७ साली स्वीडनमधील लिनियस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी संगणकीय अभ्यासातून दाखवले की पाणी वाढवल्यावर ग्वायकॉल हे धुरकट वासाचे द्रव्य पेयाच्या पृष्ठभागाकडे अधिक जमते, म्हणजे नाकाला ते जास्त मिळते. पाणी मात्र चांगले असावे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने चव मचूळ होते, म्हणून फिल्टरचे किंवा बाटलीचे पाणी घ्यावे, आणि ते थेंबाथेंबाने वाढवावे.

इथे लेबलावरचा एक आकडा समजून घेणे फार उपयोगी पडते. तुमच्या बर्बनवर १०० प्रूफ लिहिले आहे असे तुम्ही सांगता, आणि आपल्या व्हिस्कीवर ४२.८ टक्के किंवा ७५ डिग्री प्रूफ. यावरून बर्बन थोडीच कडक आहे असे वाटेल, पण दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. अमेरिकी प्रूफ टक्केवारीच्या दुप्पट असते, म्हणून १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के. आपल्याकडे चालत आलेली ब्रिटिश पट्टी ५७.१ टक्क्यांना १०० मानते, आणि त्याचे ७५ टक्के म्हणजे ४२.८. तुलना न्याय्य करायची असेल तर ३० मिलि बर्बनमध्ये ५ मिलि, म्हणजे चहाचा एक चमचा, पाणी घाला. ती जवळजवळ आपल्या बाटलीइतक्याच तीव्रतेवर येईल. मग शेजारी तुमची नेहमीची व्हिस्की ३० मिलि, तीही सोड्याशिवाय, ठेवा आणि दोन्ही आलटून पालटून हुंगा. मी नवख्या माणसाला शिकवताना याच एका प्रयोगापासून सुरुवात करतो, कारण एकटा पेला समोर असताना शब्द सुचत नाहीत, आणि दोन समोर आले की फरक आपोआप बोलू लागतो.

चखण्याबद्दल माझे मत कडक आहे. चाखणे संपेपर्यंत शेंगा चटणी, लसणाची शेव आणि तिखट मटण दूर ठेवावे. भाजलेल्या बिनमिठाच्या शेंगा, फुटाणे किंवा साधी कडक भाकरी चालते, आणि मधूनमधून पाणी प्यावे. पहिला पेला असा घेतल्यावर मग जेवण खुशाल आपल्या पद्धतीने करावे. जानेवारीत शेतावर हुरडा भाजत असताना मला बर्बनच सर्वांत जवळची वाटते, कारण कोवळ्या ज्वारीचा गोड दुधाळपणा, गोवऱ्यांचा धूर आणि मक्याचे, जळलेल्या ओकचे हे मद्य एकमेकांना धरून असतात.

एवढे सांगूनही बर्फ आणि सोडा यांना मी वाईट म्हणणार नाही. केंटकीतही उन्हाळा असतो, आणि मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी लुईव्हिलला होणाऱ्या डर्बीच्या घोड्यांच्या शर्यतीत लोक मिंट ज्यूलेप पितात, म्हणजे पुदिना, साखर आणि भरपूर कुटलेला बर्फ घातलेली बर्बन. आपल्या मे महिन्यात हा मार्ग पूर्णपणे शहाणपणाचा आहे. लाकडाचा जोर असल्यामुळे बर्बन गारव्यातही टिकते; नाजूक सिंगल माल्ट टिकत नाही. म्हणून माझी पद्धत अशी की नवी बाटली उघडली की पहिले ३० मिलि नेहमी शुद्ध आणि नंतर पाणी घालून चाखायचे, आणि मग तिच्याशी कसे वागायचे ते ठरवायचे.

किमतीच्या प्रश्नाचे उत्तर यातून अर्धे मिळाले असेल. पिंप, मुरण्याची वर्षे आणि उडून गेलेले मद्य यांचे पैसे खरे असतात. आयात कराचा वाटा मोठा असतो. भारताने फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरचा कर १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणला, तरी तो बराच आहे. त्यापलीकडे दुर्मिळता, खोका आणि नाव यांचे पैसे सुरू होतात, आणि तिथे पुढची प्रत्येक दुप्पट किंमत चवीत फार थोडी भर घालते. ती सीमा कुठे येते हे तुमच्या खिशावर आणि नाकावर अवलंबून आहे. खंबा घेण्याआधी एखाद्या चांगल्या परमिट रूममध्ये वेगवेगळ्या दिवशी ३० मिलि मागवून पाहणे हा त्यातल्या त्यात स्वस्त आणि प्रामाणिक मार्ग आहे.

आता मूनशाइन. तुमच्या सगळ्यांच्या नाकाने ओळखले ते चुकीचे नव्हते. मूनशाइन हे न मुरवलेले मद्य, बहुधा मक्याचे, पुष्कळदा साखर मिसळून आंबवलेले. त्याला पिंपाचे लाकूड लागलेले नसते आणि त्याचे शुद्धीकरण ईएनएइतके झालेले नसते, त्यामुळे आंबवण्यात तयार झालेले एस्टर, ॲल्डिहाइड आणि जड मद्यार्क यांचा कच्चा, फळकट, थोडा तेलकट वास तसाच राहतो. गुळाच्या हातभट्टीतही तीच द्रव्ये असतात, म्हणून वास जुळतो. इतिहासही जुळतो. अमेरिकेत १७९१ साली मद्यावर संघराज्याचा कर बसला तेव्हापासून डोंगराळ भागात चोरून भट्ट्या लागत आल्या, आणि १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात हा धंदा फोफावला. तो माल रात्री वेगाने वाहून नेणाऱ्या चालकांतून ज्युनियर जॉन्सनसारखे पुढचे नामांकित मोटार शर्यतपटू निघाले. आपल्याकडेही दारूबंदीच्या काळातच चोरट्या भट्ट्यांना बळ मिळाले.

पण साम्य इथे संपते. तुमच्या आतेभावाने आणलेली बरणी ही परवाना असलेल्या कारखान्यात भरलेली, तीव्रता मोजलेली, लेबलावर उत्पादकाचे नाव असलेली वस्तू आहे. जुन्या काळाची आठवण म्हणून ती बरणीत भरतात. ती सीलबंद आणली असेल आणि लेबल शाबूत असेल तर अवश्य चाखा, वर सांगितल्याप्रमाणे थोडे पाणी घालून, आणि त्यात ताज्या मक्याच्या कणसाचा वास शोधा. लाकूड लागण्याआधी बर्बन साधारण कुठून निघते याची त्यावरून चांगली कल्पना येते. बर्बन आणि मूनशाइन शेजारी ठेवून हुंगले की पिंप काय काम करते हे कोणत्याही पुस्तकापेक्षा लवकर समजते.

हातभट्टीची गोष्ट वेगळी आहे, आणि याबाबत मी आसवनीतल्या माणसाच्या जबाबदारीने बोलतो. काळा गूळ आणि नवसागर घालून लोखंडी किंवा प्लॅस्टिकच्या बॅरलमध्ये जमिनीत पुरलेले रसायन, म्हणजे आंबवायला ठेवलेले मिश्रण, गंजके पिंप, कुठून तरी काढलेली नळी, आणि तीव्रता मोजायला काहीही नाही, अशी ती निघते. लोक ज्या पहिल्या धारेचे कौतुक करतात तिच्यात ॲसिटाल्डिहाइड आणि इथाइल ॲसिटेट यांसारखी हलकी, उग्र द्रव्ये सर्वांत जास्त असतात. कोणताही शिकलेला भट्टीवाला हाच भाग वेगळा काढतो आणि मधली धार ठेवतो. पहिली धार कडक असते एवढे खरे, पण ती उत्तम असते हे खरे नाही.

सर्वांत मोठा धोका मिथेनॉल या विषारी मद्यार्काचा. गूळ किंवा धान्य आंबवताना मिथेनॉल फार थोडे तयार होते. माणसे मरतात ती बहुतेक वेळा कारखान्यांत वापरायचे मिथेनॉल स्वस्त म्हणून किंवा चोरीच्या मद्यार्काच्या नावाखाली मिसळल्यामुळे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला असेच झाले आणि शंभराहून अधिक माणसे गेली. मिथेनॉलला ओळखता येईल असा वेगळा वास किंवा चव मिश्रणात जाणवत नाही. काडी लावून निळी ज्योत पाहणे ही परीक्षा निरुपयोगी आहे, कारण मिथेनॉल मिसळलेले मद्यही निळेच जळते. पहिली धार फेकली की मिथेनॉल गेले ही समजूतही चूक आहे. पाणी आणि मद्यार्क यांच्या मिश्रणातून ते सबंध धारेत येत राहते. ‘अमक्याकडची चांगली असते’ या भरवशालाही अर्थ नाही, कारण विकणाऱ्यालाच आपण काय विकतो ते पुष्कळदा माहीत नसते.

शरीरात मिथेनॉलचे फॉर्मिक आम्ल बनते आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते. त्रास लगेच होत नाही. पुष्कळदा १२ ते २४ तासांनी डोके दुखणे, पोटात कळा, श्वास जोरात चालणे आणि डोळ्यांपुढे पांढुरके धुके येणे सुरू होते, आणि माणूस ते कालच्या पिण्याचे म्हणून झोपून काढतो. कोणालाही अशी लक्षणे दिसली तर घरी कसलाही उपाय न करता तडक सिव्हिलमध्ये न्यावे आणि काय प्यायले ते न लपवता सांगावे. फोमेपिझोल हे औषध किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले शुद्ध इथेनॉल आणि डायलिसिस यांनी वेळेवर आलेला रुग्ण वाचू शकतो, डोळेही वाचू शकतात.

अमेरिकेतही हे सगळे घडून गेले आहे. चोरट्या भट्ट्यांवर मोटारीचे जुने रेडिएटर वाफ थंड करायला वापरत आणि त्यांच्या डागाच्या शिशामुळे लोकांना विषबाधा होत असे. त्याआधी तर दुकानातल्या बाटलीचीही खात्री नव्हती. कच्च्या मद्यार्कात रंग आणि वास मिसळून तोच व्हिस्की म्हणून विकला जाई. म्हणून १८९७ साली ‘बॉटल्ड इन बॉन्ड’ कायदा आला: एकाच भट्टीचे, एकाच हंगामातले, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान ४ वर्षे मुरलेले आणि ५० टक्के तीव्रतेचे मद्य. तुमची बाटली १०० प्रूफ आहे, तेव्हा लेबलावर हे शब्द आहेत का ते पाहा.

इथे आपल्या जिल्ह्याबद्दल एक गोष्ट आवर्जून लिहितो. हातभट्टी लावणारी कुटुंबे हौसेने त्या धंद्यात नसतात. २०२१ मध्ये तेजस्वी सातपुते पोलीस अधीक्षक असताना सोलापूर ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले, आणि त्यात छाप्यांबरोबरच त्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून देण्याचा प्रयत्न झाला. चव पाहण्याच्या हौसेपोटी आपण गिऱ्हाईक म्हणून उभे राहिलो, तर आपण त्या कामाच्या उलट बाजूला जातो. मित्राला तुम्ही हेच सांगावे असे मला वाटते.

राहता राहिला तुमचा शेवटचा, लहान प्रश्न, उघडलेली बाटली किती दिवस ठेवावी. वाइनप्रमाणे ती बाटलीत मुरत नाही आणि चार दिवसांत खराबही होत नाही. बाटली उभी ठेवावी, कारण आडवी ठेवल्यास तीव्र मद्य बुचाला खाते. उन्हापासून आणि स्वयंपाकघराच्या उष्णतेपासून दूर, घरातल्या सर्वांत थंड खोलीतल्या बंद कपाटात ठेवावी. अर्ध्याहून अधिक भरलेली असेल तर वर्षभर सहज चांगली राहते. पाव राहिली की आत हवा जास्त होते आणि वास काही महिन्यांत बसत जातो, म्हणून ती लहान काचेच्या बाटलीत काढून घट्ट बंद करावी. मूनशाइनच्या बरणीचे झाकण रुंद असते आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात त्यातून मद्यार्क लवकर उडतो, तेव्हा उरलेले आधी तेच लहान बाटलीत काढा आणि त्यावर नाव व तीव्रता लिहिलेली चिठ्ठी चिकटवा, म्हणजे घरातले कोणी पाणी समजून ते पिणार नाही.